दुसऱ्याच्या मतदारसंघावर बहिष्कार

आमच्या गावात कुणालाही विचारा, तुमचा खासदार कुठला? छाती पुढे काढून सांगतील, "रायगडचा!" आणि ते साफ खोटं आहे. जिल्हा रायगड, हे खरं. तालुका खालापूर, हेही खरं. पण रायगड नावाचा जो लोकसभा मतदारसंघ आहे त्यात आमचं गाव नाही, खालापूर नाही, कर्जत नाही, पनवेलसुद्धा नाही. त्यात आहेत पार खालचे दापोली आणि गुहागर, म्हणजे चक्क रत्नागिरी जिल्हा. आम्हाला टाकलंय मावळात. मावळ म्हणजे घाटाच्या वर. बोरघाट चढा, लोणावळा ओलांडा, तसेच पुढे जा, आणि पिंपरी-चिंचवडच्या उंच इमारती दिसायला लागल्या की समजा, आपले मतदारबंधू आले.

आमदाराची गंमत आणखी वेगळी. मोहोपाडा, रसायनी, चौक हा आमचा पट्टा खालापूर तालुक्यातला, पण विधानसभेला तो जोडलाय उरणला. उरणला समुद्र आहे. आमच्याकडे पाताळगंगा नदी आहे आणि कारखान्यांचे भोंगे आहेत. उरलेलं खालापूर कर्जतबरोबर. मी लग्न होऊन नेरळला गेले, ती कर्जतच्या आमदाराकडे गेले. माहेर राहिलं उरणच्या आमदाराकडे. कलेक्टर दोघांचा अलिबागला. आणि खासदार दोघांचा एकच, तो घाटावरचा. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. पूर्वी आम्ही कुलाब्यात होतो. जिल्ह्याचं नाव बदलून रायगड झालं, तरी मतदारसंघ बरीच वर्षं कुलाबाच राहिला. मग एकदा सगळ्या सीमा नव्यानं आखल्या. लोकसंख्या सारखी करायची होती. कुठल्या तरी गार हवेच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरला असेल, इथून थोडी माणसं घे, तिथं थोडी टाक, झालं. मधे एवढा सह्याद्री उभा आहे, पण तो काही मतदार नाही, त्यामुळे त्याचा कुणी विचार केला नसावा.

पण माझा राग नकाशावाल्यांवर नाही. ते त्यांच्या पगाराचं काम करून गेले. माझा राग आमच्या लोकांवर आहे. सीमा बदलल्यावर किती निवडणुका झाल्या, प्रत्येक वेळी ही माणसं रांगेत उभी राहिली, बोटाला शाई लावून घेतली, पडवीत बसून राजकारणावर तासन्‌तास तोंडाची वाफ दवडली, आणि आपण कुठल्या मतदारसंघात आहोत हे एकालाही कळलं नाही. कळणार कसं? बटण दाबताना चिन्ह बघतात. चिन्हाच्या शेजारी माणसाचं नाव असतं, ते वाचायची पद्धत आमच्याकडे नाही. मतदारसंघाचं तर सोडूनच द्या.

गावाचा कारभार गावकी चालवते. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, पण ते सरकारला दाखवायला. खरा शब्द गावकीचा. देवळात बैठक बसते, नारळ ठेवतात, ठरलं की ठरलं. जो मोडेल तो वाळीत. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरी लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. पेपरात बातम्या येतात, कायदा झालाय, सगळं झालंय. आमचे गावकीवाले तो पेपर वाचतात आणि त्याच्यावर भजी खातात.

आम्ही बौद्धवाडीतले. गावकीत आमचा माणूस नसतो, पण गावकीचा निरोप मात्र आमच्याकडे न चुकता येतो.

झालं असं, की गावाबाहेरचं रेल्वेचं फाटक बंद झालं. पलीकडे निम्म्या गावाची शेतं, हायवेकडे जायचा रस्ता, दवाखाना, सगळंच. लोकांना रूळ ओलांडून जावं लागायला लागलं, गाडी असेल तर लांबचा वळसा. खालून सबवे पाहिजे, ही मागणी शंभर टक्के खरी होती, त्याला माझी ना नाही. रेल्वेचं काम म्हणजे खासदाराकडे जायला पाहिजे, इथपर्यंतही गावकीची अक्कल बरोबर चालली. मग ती घसरली.

गावकीच्या अध्यक्षांनी दोन जीप भरून माणसं नेली अलिबागला. पांढरे कपडे, टोप्या, हातात अर्ज. आपण रायगडचे, म्हणून रायगडच्या खासदाराच्या ऑफिसात. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं, की तुमचं गाव आमच्या मतदारसंघात येत नाही, तुमचे खासदार वेगळे. हे अगदी खरं होतं, आणि त्यानं ते चहा पाजून सांगितलं होतं. पण आमच्या लोकांना खरं सांगितलेलं कधी झेपलंय?

"बघितलंत?" अध्यक्ष परत आल्यावर देवळासमोर ओरडत होते. "हात झटकतायत! आमचं गाव त्यांच्यात नाय म्हणे. मग आमी काय गुजरातमधी हाय?"

पुन्हा एकदा गेले. पुन्हा तेच उत्तर. पुन्हा टोलवाटोलवी म्हणून बोभाटा. तेवढ्यात लोकसभेची निवडणूक लागली, आणि देवळात नारळ ठेवून ठरलं, गावाचा मतदानावर बहिष्कार. वेशीवर बॅनर लागला: रायगड लोकसभा निवडणुकीवर समस्त ग्रामस्थांचा जाहीर बहिष्कार. खाली अध्यक्षांचा फोटो, हात जोडून. बहिष्कार घालताना हात कशाला जोडायचे, ते त्यांनाच ठाऊक.

मी तेव्हा दोन दिवस माहेरी होते. बॅनर बघितला आणि मला हसावं की रडावं कळेना. तशीच अध्यक्षांच्या पडवीत गेले. म्हटलं, "काका, आपण रायगडमधे नाहीच आहोत. आपण मावळमधे. हे बघा." मोबाईलवर नकाशा काढून त्यांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "तू आता नेरळची गं. नेरळवाल्यांनी आमाला जिल्हा शिकवू नये."

"अहो, जिल्ह्याचं नाही, मतदारसंघाचं सांगतेय."

"तेच ते."

तेच ते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडवीत चार तरणी पोरं बसली होती, कारखान्यात नोकरीला, दिवसभर मोबाईलमधे डोकं घालणारी. त्यांना माहीत होतं. एकजण हळूच हसला. पण तोंड उघडेल तर शपथ. मोठ्यांपुढे बोलायचं नाही, एवढंच संस्कार म्हणून शिकलेली ही पिढी.

आता प्रश्न आमच्या घराचा होता, म्हणजे माझ्या बाबांचा. बाबा रसायनीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण मतदान म्हटलं की वेगळा माणूस. सकाळी आंघोळ, कडक इस्त्रीचा सदरा, आणि केंद्र उघडायच्या आधी दारात हजर. त्यांचं एकही मत आजवर चुकलेलं नव्हतं. तापात गेलेत, सख्ख्या भावाच्या मयताहून परत येऊन गेलेत. आणि मत कुणाला दिलं हे त्यांनी बाहेर कधी कुणाला सांगितलं नाही. मला नाही, भावकीत नाही, कारखान्यातल्या युनियनवाल्यांना नाही. आमच्या वाडीत झेंडे घेऊन नाचणारे पुष्कळ, बाबा कधी कुठल्या झेंड्याखाली दिसले नाहीत. त्यांचं म्हणणं, आमच्या बापाला सगळ्यांसमोर सगळं सांगावं लागायचं, कुठं चाललास, काय खाल्लंस, पायात काय घातलंस. एक गोष्ट अशी मिळाली की जी कुणाला सांगायची नाही. ती मी सांगणार नाय.

गावकीचा निरोप वाडीत आला आणि वाडीच्या पंचांनी माना डोलावल्या. गावाच्या विरोधात जायला नको, पाण्याची लाईन गावातून येते, उगाच कशाला. विहारासमोर बैठक झाली. बाबा कोपऱ्यात बसले होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाले, "बहिष्कार घालणार ते, पाळणार आपण. आपल्यावर घातला होता तवा पण आपणच पाळला. मी मत देणार."

पंचांतला एक चप्पल शोधायला लागला.

मग आला तो दिवस, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल, कारण एवढा मूर्खपणा एका ठिकाणी गोळा झालेला मी पुन्हा बघितला नाही. लोकसभेचं मतदान टप्प्याटप्प्यानं असतं. रायगडचा दिवस आधी, मावळचा नंतर. आमच्या गावानं प्रचाराच्या गाड्या वेशीवरून परत पाठवलेल्या, मतदानाच्या स्लिपा वाटायला आलेल्या बाईंनासुद्धा हाकलून दिलेलं. त्यामुळे तारीख सांगणार कोण? रायगडच्या मतदानाच्या दिवशी भल्या सकाळी अख्खी गावकी शाळेसमोर ठाण मांडून बसली. खुर्च्या, मंडप, वडापाव. शाळेला कुलूप. मशीन नाही, पोलीस नाही, साधा शिपाईसुद्धा नाही. आणि आमचे लोक खूश! "बघ, घाबरले. गावात पाय टाकायची हिंमत नाय झाली." अध्यक्षांनी भाषण केलं. विजय असो झालं. फोटो काढून मोबाईलवर टाकले.

संध्याकाळपर्यंत फोटो शेजारच्या चार गावांत फिरला. मोहोपाड्याच्या बाजारात आमच्या गावचा माणूस दिसला की लोक विचारायचे, "काय, दुसऱ्याच्या मतदारसंघावर बहिष्कार घालून आलात का?" मी नेरळला बसून तो फोटो बघितला आणि पोट धरून हसले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पण हसू फार टिकलं नाही. तोंडघशी पडलेला माणूस शहाणा होतो असं आपल्याला वाटतं. तो चवताळतो. देवळात पुन्हा बैठक बसली. चूक कबूल करायचं नावच नाही. आता मावळच्या मतदानावरही बहिष्कार, आणि तोही कडक. जो शाळेची पायरी चढेल तो गावाला मेला. बॅनरवर रायगडच्या जागी कागद चिकटवून मावळ लिहिलं. वाडीतल्या पंचांना बोलावून पुन्हा दम भरला. वर अध्यक्षांनी खास बाबांसाठी निरोप पाठवला. त्यांचा पुतण्या एका पक्षाचा माणूस, मतमोजणीला टेबलावर बसणार होता. तिथं प्रत्येक केंद्राचं मशीन वेगळं मोजतात, कुठल्या केंद्रावर कुणाला किती, सगळं दिसतं. "एकट्याचं मत पडलं तर कुणाला पडलं ते अख्ख्या गावाला समजंल. सांगा त्याला."

हे मात्र त्यांनी अचूक शोधून काढलं. मतदारसंघ कळत नाही, तारीख कळत नाही, पण माणसाचं दुखतं कुठं ते बरोबर कळतं.

मी बाबांना फोन केला. वाळीत टाकण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "आमाला काय नवीन हाय ते?" म्हणाले. पण मत उघडं पडणार, हे त्यांना आतून खात होतं. आवाजच बदलला होता.

"आई येईल की बरोबर," मी म्हटलं. "दोन मतं होतील."

"त्यानं काय होतंय? ती पण तिथंच देती. दोनी मतं एका ठिकाणी. मग झाकलं काय?"

खोदून विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा समजलं, की बाहेर कुणाला न सांगणारे बाबा आदल्या रात्री आईला मात्र सांगत. एकच शब्द, चिन्हाचा. आणि आई मान हलवत असे. मला राग आला त्यांचा. आयुष्यभर एवढं गुप्त मतदानाचं कौतुक, आणि बायकोचं मत स्वतःच्या खिशात! पण ती वेळ भांडायची नव्हती. मी वाडीतल्या चार-पाच घरांत फोन लावले. माझी चुलतबहीण, तिचा नवरा, शाळेतली मैत्रीण. म्हटलं, फक्त जा आणि कुणालाही द्या, बाबांचं मत लपलं पाहिजे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळ्यांना त्या दिवशी नेमकं कुठेतरी जायचं होतं. एकीच्या तर सासूबाईंचं दुखणं मी फोन करायच्या क्षणी सुरू झालं.

मतदानाच्या दिवशी मी नेरळला सकाळी आपलं मत दिलं आणि स्कूटर काढून कर्जत, चौक करत गावात पोचले. शाळेसमोर गावकी बसलेली, या वेळी योग्य दिवशी. आत मतदानाचे कर्मचारी माश्या मारत होते. सगळे बाहेरचे, त्यांची स्वतःची मतं आधीच टपालानं गेलेली. अधिकारी लोक समजूत घालायला येऊन गेले होते, कुणी हललं नव्हतं.

घरी बाबा सदरा घालून पडवीत बसले होते. सकाळी गेले नव्हते. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा केंद्र उघडलं आणि ते दारात नव्हते. आईनं पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाली, "चला वं. ऊन वाढतंय."

बाबा उठले.

मी त्यांच्या मागे मागे गेले. शाळेसमोर खुर्च्यांवरच्या माना वळल्या. अध्यक्ष बाबांच्याच वयाचे, एका वर्गात शिकलेले, पण बाबा बाहेर बसून. ते म्हणाले, "कुठं चाललास रं?"

"मत द्यायला."

"सगळ्यांना कळणार हाय बघ."

बाबांचे पाय क्षणभर थांबले. मग म्हणाले, "कळू दे." आणि आत गेले. त्यांची मान खाली होती. जन्मभर जपलेली एकुलती एक गोष्ट ते तिथं ठेवून द्यायला चालले होते, आणि बाहेर ही माणसं पाय पसरून वडापाव खात होती. मला त्यांच्या मंडपाचा बांबू उपटून हाणावासा वाटला.

आतल्या कर्मचाऱ्यांनी लग्नातल्या व्याह्यांसारखं स्वागत केलं. आधी बाबा गेले, मग आई. संध्याकाळपर्यंत तिसरं कुणी आलं नाही.

मतमोजणी व्हायला बरेच दिवस होते. आमची मतं मोजायलासुद्धा घाट चढून पुण्याकडे जावी लागतात. तेवढ्या दिवसांत गावानं शब्द पाळला. गिरणीवाला आईचं पीठ दळीना. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर झाली, ती आमच्या घरी आली नाही, आणि हे गावकीनं नाही, आमच्याच लोकांनी केलं. ज्यांच्या फोटोला हार घालतात, त्यांनी मिळवून दिलेला मताचा हक्क वापरला म्हणून! थू तुमच्या हारावर, असं मी विहाराच्या पायरीवर उभी राहून म्हणाले. आई मला दंडाला धरून घरी घेऊन आली. बाबा मोजणीच्या दिवसाची वाट बघत होते, गुन्हेगारासारखी.

त्या दिवशी मी सुट्टी घेऊन माहेरीच होते. दुपारी अध्यक्ष स्वतः आमच्या दारात आले. बौद्धवाडीत ते मत मागायला आले असतील तेवढेच. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. चेहऱ्यावर चिडचीड. पुतण्याचा फोन आला होता.

"तुमच्या दोघांची दोन मतं," ते म्हणाले. "एक याला पडलंय, एक त्याला. कुणाचं कुठलं?"

बाबांनी वर बघितलं. त्यांना काही समजलंच नाही आधी. आई दारात सुकट निवडत बसली होती, तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं, "मशीनला विचारा जाऊन. घाटावर हाय ते."

अध्यक्ष थोडा वेळ घुटमळले. एकदा बाबांकडे, एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे. मग पाय आपटत निघून गेले. बाबांचं मत झाकलेलंच राहिलं होतं. गावात त्यानंतर पैजा लागल्या, भांडणं झाली, पण कुणाला म्हणून छातीठोक सांगता आलं नाही.

सांगता येत होतं फक्त बाबांना. आपलं कुठलं ते त्यांना माहीत होतं, म्हणजे दुसरं कुणाचं तेही माहीत होतं. ते आईकडे वळले. मला वाटलं, ओरडतील. मी मधे पडायच्या तयारीत होते.

"या टायमालाच?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "माझं झाकावं म्हणून?"

"नाय," आई म्हणाली.

"मग कवापासनं गं?"

आईनं सूप झटकलं, कचरा बाजूला काढला.

"तुमी मला सांगायला लागलात तवापासनं."